जागतिक इतिहासातले दोन पानभर शब्द मुलाकडून पाठ करून घ्यावेत का?

घणसोली_आई:
नमस्कार मंडळी. मुलगा नववीत, इंटरनॅशनल बोर्ड. प्राचीन संस्कृती आणि जागतिक धर्मांचा उदय असा एकच अजस्र धडा आहे आणि शेवटी शब्दांची यादी: पॅक्स रोमाना, सत्रप, स्तूप, पेट्रनेज, सिंक्रेटिझम, डायस्पोरा, महायान, मँडेट ऑफ हेवन... मी स्टेट बोर्डाची, रोम आणि चीन आमच्या वाट्याला फारसे आलेच नाहीत. रात्री भांडी आवरली की मी व्याख्या विचारते, तो घडाघडा म्हणतो, आणि रविवारी विचारलं की पाटी कोरी. परवा तर सत्रप म्हणजे बौद्धांचा घुमट असं सांगून मोकळा झाला. परीक्षा दिवाळीआधी. काय करू? आणि एक शंका: कॉन्स्टंटाईनने ख्रिस्ती धर्म रोमचा राजधर्म केला, हे बरोबर ना? दोन पुस्तकांत दोन तऱ्हा आहेत.

वाशी_ठाणे_लोकल:
फ्लॅशकार्डचं अ‍ॅप टाका मोबाईलमध्ये. रोज वीस शब्द. विषय संपला.

कळव्याची_इतिहासवाली:
विषय संपला नाही, शब्द संपतील फक्त.

कॉन्स्टंटाईनचं आधी उरकते. ३१३ साली त्याने आणि त्याच्या जोडीचा रोमन सम्राट लिसिनियस याने मिळून ख्रिस्ती लोकांना उघडपणे धर्म पाळायची मोकळीक दिली, जप्त केलेल्या जागा परत करायला लावल्या. एवढंच. राजधर्म झाला तो ३८० मध्ये, सम्राट थिओडोसियसच्या फर्मानाने. पेपर काढणाऱ्यांचा हा लाडका खड्डा आहे, पोरगा पडणार नाही एवढं बघा.

आता यादी. मी स्पर्धा परीक्षांचा क्लास घेते, पोरं असल्या याद्या घेऊनच येतात. मी पहिल्या दिवशी ती बॅगेत ठेवायला लावते. प्रत्येक शब्दाला एकच विचारायचं: पैसा कुणी दिला आणि तो कुठल्या वाटेने आला? धर्म नुसत्या प्रवचनावर पसरत नाही हो. भिक्षूंना जेवायला लागतं, पावसाळ्यात छप्पर लागतं, उन्हाळ्यात पाणी लागतं. बोरिवलीच्या नॅशनल पार्कातल्या कान्हेरी लेण्यांना गेलात तर कातळात खोदलेली पाण्याची टाकी जागोजाग दिसतील. तिथल्या एका लेखात नोंद आहे की टाकं दिलं कल्याणच्या सोनाराने. राजाने नाही, सोनाराने! झालं तुमचं पेट्रनेज, म्हणजे धर्माला दिलेला आश्रय. मुलाला व्याख्या विचारू नका, 'कल्याणच्या सोनाराने काय केलं?' असं विचारा.

मग सोनाराकडे पैसा कुठून आला, हे ओघाने येतंच. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं बंदरांचं टिपण आहे. त्यात सोपारा आहे, कल्याणही आहे. कल्याणबद्दल चक्क तक्रार आहे: पूर्वी इथे रीतसर व्यापार चालायचा, आता अडवाअडवी फार, ग्रीक जहाज चुकून आलंच तर पहाऱ्यात भडोचला नेतात. याचा नेहमीचा अर्थ असा लावतात की भडोच क्षत्रपांचं आणि कल्याण सातवाहनांचं, त्यामुळे गिऱ्हाईक पळवणं चाललं होतं. हा क्षत्रप म्हणजेच तुमचा सत्रप. मुळात इराणच्या हखामनी साम्राज्यातला प्रांताचा अधिकारी. आपल्याकडे शकांनी तो किताब लावला. त्यांच्यातल्या नहपानाला गौतमीपुत्र सातकर्णीने हरवलं आणि त्याच्याच चांदीच्या नाण्यांवर आपला छाप ठोकला. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला तेरा हजारांवर नाणी एका ठिकाणी सापडली, त्यातली निम्म्याहून जास्त अशी दुबार ठोकलेली. नहपानाचा चेहरा आणि त्यावर दुसऱ्याचा शिक्का, एवढं नेटवर एकदा दाखवा. सत्रपाचा पुन्हा घुमट होणार नाही.

पॅक्स रोमाना याच वाटेवर बसतं. साधारण इ.स.पू. २७ ते इ.स. १८०. भूमध्य समुद्राभोवती शांतता, म्हणजे चाचे कमी, म्हणजे रोमच्या श्रीमंतांना आपली मिरी आणि तलम कापड परवडतंय. प्लिनी नावाचा रोमन लेखक कुरकुरतो की भारत दर वर्षी किमान पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, ओढून नेतो. हा माल-पैसा नाणेघाटासारख्या वाटांनी वरखाली होणार, आणि त्या वाटांच्या आसपासच जुन्नर, कार्ले. कार्ल्याच्या चैत्यातले काही खांब तर यवनांनी, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीकांनी, दिलेत, तसं खांबांवरच कोरलंय.

सिंक्रेटिझमला, म्हणजे दोन परंपरांच्या मिसळणीला, मात्र पोरं हमखास गल्लत करतात. नाशिकच्या लेखात गौतमी बलश्री आपल्या मुलाला, म्हणजे गौतमीपुत्राला, 'एकबम्हण', म्हणजे एकमेव ब्राह्मण, म्हणते आणि त्याच लेखात बौद्ध भिक्षूंना लेणं देते. हे सिंक्रेटिझम नव्हे! दोघांना देणगी दिली म्हणून दोन धर्म मिसळले असं होत नाही. मिसळण कुठे, तर गांधारात: बुद्ध आपला, अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या ग्रीक धाटणीच्या. उत्तरात हा फरक लिहिला तर तपासणारा खूश होतो, अनुभव आहे.

महायान या बौद्ध पंथासाठी परत कान्हेरी. ४१ क्रमांकाच्या लेण्यात अकरा डोक्यांचा अवलोकितेश्वर आहे. सगळ्यांना तारायला थांबलेला बोधिसत्त्व म्हणजे काय, ते त्याच्यासमोर उभं राहून सांगा.

वाशी_ठाणे_लोकल:
मॅडम, सगळं छान, पण पेपर तपासणाऱ्याला कल्याणशी काय घेणंदेणं? त्याला पुस्तकातली व्याख्या हवी.

कळव्याची_इतिहासवाली:
व्याख्या एका ओळीत लिहायचीच. मग उदाहरण. हजारो पोरं सिल्क रोड लिहितात, एकाने कल्याण लिहिलं तर मार्क कापतील का? उलट वाचणारा जरा सावरून बसेल.

टेंभीनाका_जुना:
डायस्पोरा राहिला. आमच्या ठाण्यात सिव्हिल हॉस्पिटलच्या बाजूला सिनेगॉग आहे, १८७९ चं. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचं. कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. आडनावं पेणकर, नवगावकर. इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं हे पुस्तकात आहेच. हे लोक नेमके कधी आले यावर एकमत नाही, पण पांगलेला समाज घरात मराठी बोलतो आणि शब्बाथ सोडत नाही, हे ठाणेकराला पुस्तकातून शिकायला नको. आणि पारशी विसरू नका. कान्हेरीच्या ९० नंबरच्या लेण्यात भेट द्यायला आलेल्या पारशांनी पहलवीत, म्हणजे जुन्या इराणी भाषेत, नावं कोरून ठेवलीत, १००९ आणि १०२१ सालची.

कळव्याची_इतिहासवाली:
वा, काका! हे माझ्या वहीत गेलं.

घणसोली_आई:
खूप आभार. मुलाला सोनार आवडला. पण मँडेट ऑफ हेवनचं काय? ते काही कल्याणहून जात नाही.

कळव्याची_इतिहासवाली:
नाही जात, आणि ओढूनताणून नेऊही नका. चीनमध्ये झोऊ घराण्याने शांग घराण्याला उलथवलं, इ.स.पू. अकराव्या शतकात. मग लोकांना सांगायचं काय? की आकाशाने राज्य करायचा हक्क दिला होता, शांग राजे वाईट वागले, तो काढून घेतला आणि आम्हाला दिला. गोम अशी की ही पळवाट पुढच्या प्रत्येक बंडखोरालाही खुली झाली. पूर आला, दुष्काळ पडला की लोक म्हणणार, राजाचा हक्क गेला. हे एकच पाठ करू दे, हरकत नाही.

कान्हेरीला जाणार असाल तर सोमवारी नॅशनल पार्क बंद असतं. सकाळी लवकर निघा आणि पाणी घरून न्या, सोनाराचं टाकं आता पिण्यालायक नाही.