ग्रेड २ च्या कागदासाठी एचपी५ प्लस किती वेळ डेव्हलप करावी?

प्रश्न – पेठकर

सर्व जाणकारांना नमस्कार. मी पुण्यात घरच्या न्हाणीघरातच डार्करूम मांडतो. ३५ मिमीची इल्फर्ड एचपी५ प्लस ही कृष्णधवल फिल्म ४०० या वेगावर (मीटर आयएसओ ४०० वर लावून) वापरतो आणि ती आयडी-११ या डेव्हलपरमध्ये, १+१ प्रमाणात (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी), २० अंश सेल्सिअसला १३ मिनिटे, म्हणजे कंपनीच्या तक्त्याप्रमाणेच डेव्हलप करतो. एन्लार्जर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर छापण्याचे यंत्र) जुना, कंडेन्सरचा, म्हणजे भिंगांनी प्रकाश एकवटून टाकणारा आहे. आजवर मल्टिग्रेड आरसी पेपर (प्लास्टिकच्या थराचा, फिल्टर बदलून कॉन्ट्रास्ट बदलता येणारा) वापरत होतो आणि बहुतेक प्रिंट ० किंवा १ क्रमांकाच्या, म्हणजे कमी कॉन्ट्रास्टच्या फिल्टरवर निघत. त्यात काही वावगे आहे असे कधी वाटले नाही. आता ग्रेड २ चा, म्हणजे एकाच ठराविक मध्यम कॉन्ट्रास्टचा, फायबर पेपर आणला असून त्यावर फिल्टरचा उपयोग होत नाही. एका वाड्याच्या चौकातील उन्हाची निगेटिव्ह त्यावर छापली, तर चुन्याची भिंत कोरी पांढरी आली आणि ओसरी काळीठिक्कर. आता पेपर बदलावा, की फिल्मची वेळ कमी करावी? आणि कमी करायची असल्यास ती नेमकी किती, हे अंदाजाने न ठरवता काढण्याची काही पद्धत आहे का?

उत्तर – सांगलीचा लाल दिवा

पेपर बदलू नका. तुमच्या निगेटिव्ह ग्रेड २ साठी जास्त तीव्र होत आहेत आणि ० क्रमांकाचा फिल्टर इतके दिवस तेच सांगत होता.

पेपर किती फरक सामावून घेतो हे आयएसओ आर या आकड्याने सांगतात. मल्टिग्रेड फोर आरसीवर २ क्रमांकाच्या फिल्टरला तो ११० होता, ० ला १६० आणि ४ ला अवघा ६०. आर ११० याचा अर्थ, निगेटिव्हमधील तपशील असलेली सर्वांत पातळ जागा आणि सर्वांत दाट जागा यांच्या घनतेत १.१ इतके अंतर असेल, तर ते सगळे त्या कागदावर उतरते. सात स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) दृश्याची व्याप्ती लॉगरिदममध्ये २.१ होते, लेन्स आणि कॅमेऱ्यातील विखुरलेल्या प्रकाशामुळे त्यातले सुमारे ०.३५ सावल्यांतच विरते. उरलेल्या १.७५ ला ०.६२ या सरासरी कॉन्ट्रास्टने (प्रकाशातील फरकाच्या किती पट फरक निगेटिव्हच्या घनतेत उतरतो तो आकडा) गुणले, तर जवळजवळ १.१ येते. इल्फर्डही ०.६२ हाच आकडा सर्वसाधारण मानते, मात्र कंडेन्सरसाठी ०.५५ आणि डिफ्यूजरसाठी (पसरट, मऊ प्रकाशाच्या एन्लार्जरसाठी) ०.७० असा भेद करते. कंडेन्सरचा प्रकाश सरळ रेषेत येतो आणि चांदीचे कण तो बाजूला फेकतात. जिथे चांदी दाट तिथे हे अधिक घडते, म्हणून दाट जागा कागदाला आणखी दाट भासतात. याला कॅलिए परिणाम म्हणतात. (एक्सपी२ सारख्या फिल्ममध्ये शेवटी चांदी नव्हे तर रंगद्रव्य उरते, त्यामुळे तिथे दोन्ही एन्लार्जरांत फारसा फरक पडत नाही.)

डेन्सिटोमीटर (घनता मोजण्याचे यंत्र) नसला तरी अडत नाही. लेन्सवर टोपी ठेवून एक कोरी चौकट घ्या. दुसऱ्या चौकटीत उन्हात वाळत घातलेल्या जाडाभरड्या पांढऱ्या पंचाचे मीटर घेऊन, त्यापेक्षा तीन स्टॉप जास्त एक्स्पोजर द्या. फिल्म डेव्हलप झाल्यावर कोरी चौकट एन्लार्जरमध्ये लावून ग्रेड २ वर दोन-दोन सेकंदांच्या पट्ट्या काढा, आणि ज्या पट्टीनंतर काळा रंग आणखी काळा होत नाही ती वेळ टिपून ठेवा. एन्लार्जरची उंची आणि लेन्सचे छिद्र तेच ठेवून पंचाची चौकट बरोबर तेवढ्याच वेळेने छापा. विणीचा पोत जेमतेम दिसला तर तुमची वेळ जुळली. कागद कोरा राहिला तर डेव्हलपमेंट १५ टक्क्यांनी घटवा, करडा आला तर वाढवा. परीक्षण मात्र प्रिंट सुकल्यावरच करा. फायबर पेपरवरचे उजळ भाग वाळल्यावर थोडे गडदतात आणि ओल्या प्रिंटवर विसंबणारा माणूस हमखास फसतो.

आम्ही स्टुडिओत उटीच्या इंदू ब्रोमाइड पेपरची सॉफ्ट, नॉर्मल आणि हार्ड अशी पाकिटे ठेवत असू. सॉफ्टचे पाकीट लवकर संपू लागले की डेव्हलपिंग करणाऱ्या मुलाला आधी घड्याळ दाखवायला सांगायचे, असा रिवाज होता.

उत्तर – तापमापक

वरील विवेचन योग्यच आहे, परंतु त्याआधी एक शंका. डेव्हलपर ओतताना २० अंश होता हे मान्य. १३ मिनिटांनी ओतून काढताना किती होता?

पेठकर

आज एक टाकाऊ फिल्म घेऊन मोजले. खोलीत ३१ अंश होते. डेव्हलपर २० अंशांनी आत गेला आणि बाहेर आला तेव्हा २५ होता. टाकी मी हातातच धरून उलटसुलट करतो, हेही कबूल करतो.

तापमापक

मग तुमची १३ मिनिटे तक्त्यातली १३ मिनिटे नव्हतीच. २४ अंशांना याच मिश्रणाला सुमारे ९ मिनिटे पुरतात. टाकी २० अंशांच्या पाण्याच्या घमेल्यात ठेवा आणि ढवळण्यापुरतीच बाहेर काढा, किंवा सगळी रसायने २४ अंशांवर आणून वेळ कमी करा. पाच मिनिटांच्या खाली मात्र जाऊ नका, कारण तिथे डेव्हलपमेंट असमान होऊ लागते.

उत्तर – आडोसा

दोन पुरवण्या. डेव्हलपमेंट घटवली की सावल्याही थोड्या क्षीण होतात, म्हणून फिल्म ४०० ऐवजी २५० वर मोजा, म्हणजे मीटर २५० वर लावून थोडे जास्त एक्स्पोजर द्या, अन्यथा ओसरी काळीच राहील. आणि ३५ मिमीच्या एका रोलमध्ये चैत्रातले भर दुपारचे ऊन आणि आषाढातले ढगाळ आभाळ एकत्र असेल, तर एकच वेळ दोघांनाही न्याय देणार नाही. सांगलीकरांशी माझा मतभेद एवढाच, की अशा वेळी ग्रेड २ चा हट्ट न धरता मल्टिग्रेड जवळ असलेला बरा. नाहीतर उन्हाचे आणि ढगांचे रोल वेगळे ठेवण्याची शिस्त लावून घ्यावी.

पेठकर

घमेल्यात बर्फ टाकून तापमान २० ते २०.५ राखले आणि फिल्म २५० वर मोजली. १३ मिनिटांना पंचा तरीही कोरा आला, ११ मिनिटांना विणीचा पोत दिसला आणि सुकल्यावर तो अधिक स्पष्ट झाला. त्याच वाड्यात पुन्हा जाऊन तीच भिंत टिपली. ग्रेड २ वर चुन्याचे पोपडे दिसतात, ओसरीतला झोपाळाही दिसतो; फक्त छापताना वरच्या उजव्या कोपऱ्याला आठ सेकंद जास्त प्रकाश द्यावा लागला. जुन्या निगेटिव्ह मल्टिग्रेडवरच छापेन.