चिलखती गाडीचा तळ होडीसारखा निमुळता का असतो? आणि चाकंच का, पट्टे का नाहीत?

नगरी_पोरगा:
नमस्कार मंडळी, नगरच्या रणगाडा म्युझियममध्ये रोल्स रॉइसची एक जुनी चिलखती गाडी आहे, साध्या मोटारीच्या चासीवर पोलादी पत्रे ठोकलेले आणि वर मशीनगनचं टरेट (फिरता घुमट), बस. जमिनीपासून फार उंच पण नाही. आणि आता फोटोत ज्या सुरुंगरोधक गाड्या दिसतात त्या ट्रकपेक्षा उंच, आणि खालून बघितलं तर तळ होडीसारखा निमुळता. एका व्हिडिओत ऐकलं की हे डिझाइन अमेरिकेने इराकमध्ये मार खाल्ल्यावर काढलं, हे खरंय का? आणि एवढं सगळं करायचं तर सरळ टँकसारखे पट्टेच का नाही लावत? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

दक्षिणवारा:
नाही हो, अमेरिकेच्या तीस वर्षं आधीचं आहे हे. याचं सगळं श्रेय आफ्रिकेला जातं आणि ते सहसा कोणी देत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. १९७० च्या दशकात ऱ्होडेशियात (आताचं झिंबाब्वे) गोऱ्या राजवटीविरुद्ध लढणारे गनिम कच्च्या रस्त्यांत सुरुंग पेरायचे. ऱ्होडेशियावर आंतरराष्ट्रीय निर्बंध होते, बाहेरून गाड्या मिळेनात, मग तिथल्या वर्कशॉपवाल्यांनी हाताशी असलेल्या फोक्सवॅगनच्या इंजिनांवर जुगाड सुरू केलं. त्यातली पूकी नावाची गाडी जरूर शोधून बघा. एकटा ड्रायव्हर बसायचा, दोन्ही बाजूंना सुरुंग शोधणारे डिटेक्टर पंखांसारखे पसरलेले, आणि टायर कुठले, तर फॉर्म्युला वन रेसचे! रुंद टायर, हवा कमी, त्यामुळे जमिनीवर दाब इतका कमी पडायचा की रणगाडाविरोधी सुरुंगावरून गेली तरी तो फुटायचा नाही. ड्रायव्हरने सुरुंग शोधायचा, मग मागची माणसं तो काढणार.

पुढे दक्षिण आफ्रिकेने हीच विद्या पक्की केली. १९७८ च्या सुमाराला बफेल आली, युनिमॉग ट्रकवर बेतलेली, तिच्या टायरमध्ये हवेबरोबर पाणी भरायचे, स्फोटाची ताकद पाण्याने खावी म्हणून. मग कॅस्पिर. चाकाखाली २१ किलो टीएनटी (स्फोटक) किंवा पोटाखाली १४ किलो फुटलं तरी आतली माणसं वाचावीत असा तिचा हिशोब, म्हणजे चाकाखाली साधारण तीन सुरुंग एकावर एक आणि पोटाखाली दोन.

आता तळ निमुळता का. सपाट पत्र्याखाली स्फोट झाला की सगळा जोर सरळ वर, माणसांच्या पायांत आणि मणक्यात. उतरते पत्रे असले की तोच जोर दोन्ही बाजूंना फेकला जातो. उंची पण त्यासाठीच, स्फोटापासून जितकं लांब तितका दणका झपाट्याने कमी होतो. चाक आणि ॲक्सल तुटून उडाले तर उडू दे, ते बोल्ट काढून नवे बसवता येतात. आणि सीट बेल्ट बांधून बसणं सक्तीचं, कारण गाडी उसळली की आतल्या आत आपटूनच माणसं मरतात.

इराकमध्ये हमवी (अमेरिकन लष्कराची जीपसारखी गाडी) तळाला सपाट होती, तिथे हाल झाले, मग २००७ मध्ये अमेरिकेने एमआरॅप (सुरुंगरोधक चिलखती) गाड्या धडाधड घेतल्या, त्यातली आरजी-३१ तर सरळ दक्षिण आफ्रिकेचीच.

वर्कशॉप_निवृत्त:
वरच्या भाऊंनी छान लिहिलंय, मी चाकं विरुद्ध ट्रॅक (म्हणजे टँकचे पट्टे) एवढंच बघतो. ट्रॅकवर वजन पसरतं, म्हणून चिखलात, वाळूत, खड्ड्यांत ट्रॅकला तोड नाही. पण ट्रॅक स्वतःच झिजतो, पिना जातात, रबर पॅड जातात, आणि लांब जायचं तर टँक ट्रेलरवर चढवूनच न्यावा लागतो, म्हणजे ट्रेलर हवा, त्याचा ड्रायव्हर हवा, आणि डांबरी रस्त्याची वाट लागते ती वेगळीच. चाकाची गाडी स्वतःच्या टायरवर शेकडो किलोमीटर जाते, डिझेल कमी खाते आणि एक टायर फाटला तरी रन-फ्लॅटवर (हवा गेली तरी चालणारा टायर) बाहेर पडता येतं. आपल्या नगरच्या व्हीआरडीईने (लष्करी वाहनांची सरकारी संशोधन संस्था) टाटांबरोबर केलेली व्हॅप ८x८ (आठ चाकी चिलखती गाडी) ह्याच हिशोबाची आहे, वर पाण्यात पण तरते, आणि मोरोक्कोने ती घेतलीय, ह्याचा मला मनापासून अभिमान आहे.

नगरी_पोरगा:
वा, भरपूर मिळालं. पण मग छत्तीसगडमध्ये एमपीव्ही (सुरुंगरोधक गाड्या) उडवल्याच्या बातम्या कशा येतात? तिथे हे डिझाइन का नाही चालत?

वैनगंगेकाठचा:
मी गडचिरोलीकडचा, हा प्रश्न आमच्याकडे रोजच्या जगण्याचा आहे. वर आकडा दिलाय ना, १४ किलो आणि २१ किलो, तो कारखान्यात बनलेल्या सुरुंगांचा हिशोब. इकडे नक्षलवादी डांबराखाली नाहीतर पुलाच्या पाइपात गाडतात ते त्याच्या दुप्पट-तिप्पट असतं. २००५ मध्ये बिजापूरकडे अशीच एमपीव्ही उडवली, वीसच्या वर जवान गेले. एवढा बारूद असला की पत्रा फाटो न फाटो, अख्खी गाडीच हवेत जाते आणि खाली आपटते. म्हणून मग जवान गाडीतून उतरून पायी चालतात, पुढे रोड ओपनिंग पार्टी (रस्ता तपासणारी तुकडी), कडेकडेने वायर शोधत, पुलाखाली वाकून बघत. २०१९ च्या एक मेला जांभुळखेड्याजवळ आमचे १५ पोलीस आणि ड्रायव्हर गेले तेव्हा ते तर साध्या खासगी गाडीत होते. तिथे चिलखती गाडी असती तरी वाचले असते असं मी छातीठोक सांगणार नाही, पण रस्ता तपासल्याशिवाय गाडी पुढे घालायची नाही हे मात्र नक्की.

दक्षिणवारा:
अगदी बरोबर. आणि चाकांच्या गाड्यांची दुसरी मर्यादा पण सांगतो. ऑक्टोबर १९८७ मध्ये अंगोलात लोंबा नदीकाठी दक्षिण आफ्रिकेच्या रॅटेल-९० गाड्या टी-५५ रणगाड्यांना भिडल्या. झाडीत लपत, जागा बदलत, बाजूने गोळे मारत त्यांनी जिंकलं, पण रॅटेलचं चिलखत रणगाड्याच्या गोळ्यापुढे कागदच, एक नेमका बसला की संपलं, आणि पुढच्या लढायांना त्यांना ओलिफंट रणगाडे आणावेच लागले. अमेरिकेला पण अफगाणिस्तानच्या डोंगरात त्या उंच एमआरॅप कलंडायला लागल्यावर हलकी एम-एटीव्ही बनवून घ्यावी लागली.