वशिला कसला?

कालपर्यंत कॉलेजच्या सॉफ्टबॉल टीममध्ये खेळणारी मुलगी लगेच असिस्टंट कोच झाली म्हणजे वशिलाच, असं कोणीतरी लिहिलंय. मला नाही पटत. त्यातून ती कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारी, असेल तर निम्मं काम तिच्या अंगवळणी पडलेलंच असतं. ४३ फुटांवरून येणारा राइजबॉल (वर चढल्यासारखा वाटणारा चेंडू) कधी मागायचा, पिचर म्हणजे चेंडू टाकणारी दमलीय हे कशावरून ओळखायचं, वगैरे. खरी पंचाईत वेगळीच. गेल्या मोसमात जी रूममेट होती तिलाच आता सुनवायचं, "बॅट स्विंग करताना तुझा खांदा लवकर उघडतोय!" पगाराचं म्हणाल तर अमेरिकेत एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या डिव्हिजन वनमधलं, म्हणजे सगळ्यात वरच्या गटातलं, बिनपगारी व्हॉलंटियर कोचचं पद जुलै २०२३ पासून बंद झालंय. त्यामुळे अशा मुलींना निदान रीतसर नोकरीची आशा तरी आहे.