मदत हवी आहे: पावडरी वासाचा परफ्यूम अंगावर फुलवायचा कसा?

मावसबहिणीने पॅरिसहून शनेल नंबर २२ आणून दिलाय. नंबर ५ करणाऱ्या अर्नेस्ट बो यांचाच, १९२२ सालचा. वाचलं होतं की यात निशिगंध आहे, म्हणून मी आपली लग्नातल्या वेणीचा ओला, गोडसर, डोकं धरणारा वास येईल या तयारीत!

प्रत्यक्षात पहिली दहा मिनिटं नुसता लखलखाट, नव्या साबणासारखा. आल्डिहाइड्स (परफ्यूमला अशी साबणासारखी चमक देणारी रसायनं) म्हणतात ते हेच असावं. मग पांढरी फुलं येतात, पण वहीत दाबून वाळवलेली. शेवटी थोडा धूप आणि आजीच्या पावडरच्या डब्यातला पफ. कोरडं, स्वच्छ, जरा अलिप्त. आवडलंय हो मला! साडीवर तर दुसऱ्या दिवशीही सुंदर येतो.

अडचण अशी की पुण्याच्या एप्रिलात माझ्या कोरड्या कातडीवर फुलं तासाभरात गायब, उरते फक्त पावडर. आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा खोबरेल लावून फरक पडतो का? खोबरेलाचा वास मध्ये येईल ना? की हा पावसाळ्यापर्यंत कपाटातच ठेवू? वर मोगऱ्याचं अत्तर लावून पाहिलंय कुणी?

वापरणाऱ्यांनीच सांगा, प्लीज. ‘दुसरा घे’ नको.