बी विंगची लिफ्ट आणि ८,३३६ मीटरवरचा मासा

देशपांडे काका (बी-६०२): लिफ्टमध्ये आज पुन्हा मासळीचा वास. नाव घेत नाही, पण पिशवी गळत होती. फरशी ओली आहे.

तांडेल वहिनी (बी-२०३): घ्या की नाव काका, मीच होते. मुशी आणली, पिशवी फाटली. सॉरी. दोनदा फिनेल मारलं, वास हटेना.

मेघना (सी-४०२): वहिनी, लिंबाचं पाणी मारा. तो ट्रायमिथाइल अमाइनचा वास. आंबट लागलं की त्याचा क्षार होतो, मग तो हवेत उडत नाही. माशाला आपण आमसूल लावतो त्यानेही हेच होतं. मुशीत वर युरियापण असतो, त्याचा होतो अमोनिया.

तांडेल वहिनी: म्हणून शिळी मुशी नाकात जाते होय!

अथर्व (बी-५०१): ताई, पण जिवंत माशाला असा वास का नसतो?

मेघना: कारण तेव्हा तो टीएमएओ नावाच्या रूपात असतो, त्याला वास नाही. मासा मेला की जिवाणू त्याचं अमाइन करतात. रोहू-कटल्यात तो अगदी कमी, म्हणून गोड्या पाण्यातल्या माशाचा वास वेगळा.

आता खरी गंमत. मासा जितका खोल राहणारा, तितका त्याच्या अंगात टीएमएओ जास्त. २०२२ मध्ये जपानजवळच्या इझू-ओगासावारा गर्तेत ८,३३६ मीटरवर एका स्नेलफिशचं चित्रीकरण झालं. तिथे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर आठशे किलोंहून जास्त भार. एवढ्या दाबात पाणी प्रथिनांच्या घड्यांत घुसतं आणि त्यांचा आकार बिघडवतं. टीएमएओ पाण्याला स्वतःकडे बांधून ठेवतो, प्रथिनं शाबूत राहतात. बाकी मासा म्हणजे नुसती जेली. खवले नाहीत, हवेची पिशवी नाही. दाबून चुरडायला पोकळी हवी ना, तीच ठेवलेली नाही.

देशपांडे काका: खोल समुद्रात माणसं नेणारी आपली पाणबुडी मत्स्य-६००० टायटॅनियमची आहे. माणूस बसणारा गोळा ८० मिलिमीटर जाड.

मेघना: बरोबर काका. आणि तीही ६,००० मीटरपर्यंतच.

अथर्व: मग मासे ११,००० मीटरवर का नाही जात? अजून टीएमएओ भरायचा!

मेघना: तिथेच गाडी अडते. माशाचं रक्त समुद्रापेक्षा कमी खारं. टीएमएओ वाढवत गेलं की अंगातलं एकूण विरघळलेलं द्रव्य साधारण ८,२०० ते ८,४०० मीटरला समुद्राच्या बरोबरीला येतं. त्यापुढे बाहेरचं पाणी आत शिरायला लागेल. हा हिशेब पॉल यान्सी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्येच मांडला होता, मासा नंतर सापडला. मला तर हेच भारी वाटतं. कोळंबीचे लांबचे भाऊबंद अँफिपॉड मात्र समुद्रातल्या सगळ्यात खोल जागी, मारियाना गर्तेच्या तळाशीही आहेत. त्यांचं अंग मुळातच समुद्राइतकं खारं.

जोशी, सेक्रेटरी (ए-१०१): माहिती छान. कृपया मासळी यापुढे डब्यातून आणावी.

तांडेल वहिनी: आणते. लिंबू मारलंय, जाऊन बघा कोणीतरी.

देशपांडे काका: आत्ताच वर आलो. वास नाही.

देशपांडे काका: फक्त लिंबाच्या बिया पडल्यात.