मदत हवी आहे: कोल्ट्रेनचं हे लाइव्ह रेकॉर्डिंग कोणत्या एलपीवरचं?

उंबरठा:
शनिवारपर्यंत उत्तर मिळालं तर फार बरं होईल, रविवारी बाबांकडे जातोय. त्यांच्या एका जुन्या कॅसेटवर अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन आहे, न्यूयॉर्कचं लाइव्ह रेकॉर्डिंग. सनईसारखा लागणारा सॅक्सोफोन, दादऱ्यासारखा ठेका, मागे पियानो. टेप डेकमध्ये गुंतली, कापावी लागली, त्यामुळे सुरुवात गेली. मधली चाळीस सेकंदं फोनवर घेऊन खाली जोडली आहेत. हे कोणत्या एलपीवरचं आहे, एवढंच हवंय. गाणं ओळखणाऱ्या शझाम अ‍ॅपला ओळखता येत नाही. 'यूट्यूबवर शोधा' असं कृपया सांगू नका.

निळी_नोंद:
क्लिप न ऐकताच सांगतो. न्यूयॉर्क, लाइव्ह, सोप्रानो (उंच पट्टीचा) सॅक्सोफोन, तीनचा ठेका: 'लाइव्ह अ‍ॅट बर्डलँड', पहिल्या बाजूचं पहिलंच 'अफ्रो ब्लू'. ८ ऑक्टोबर १९६३. ड्रमवर एल्विन जोन्सनं त्यात जे काही वाजवलंय त्याला तोड नाही. पियानोवर मॅकॉय टायनर, बेसवर जिमी गॅरिसन. माझ्या मते कोल्ट्रेन ऐकायला सुरुवात करायची तर हीच रेकॉर्ड घ्यावी. प्रश्न मिटला.

मंद्र:
सनईसारखा वाटतोय यात नवल नाही. कोल्ट्रेन आपल्याच संगीताकडे वळला होता. रविशंकरांना भेटला, १९६५ साली मुलगा झाला त्याचं नाव रवि ठेवलं. एका रचनेचं नावच 'इंडिया' आहे. एका षड्जावर ठाण मांडून विस्तार करत जायचं, ही आपली पद्धत. त्याच्याकडे राग म्हणूनच ऐका, एलपीचं नाव कळलं काय नि न कळलं काय.

टेपवेडा:
आधी कॅसेट वाचवा. त्याच डेकमध्ये पुन्हा घालू नका. डेकचा हेड आणि पिंच रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्या. मग कॅसेटच्या तोंडाशी टेपच्या मागे फेल्टचा बारका चौकोन असतो तो जागेवर आहे का पाहा. जुन्या कॅसेटमध्ये त्याचा गोंद सुकून तो गळून पडतो, आणि टेप हेडला नीट टेकत नाही म्हणून आवाज दबका येतो. स्क्रूची कॅसेट असेल तर उघडून बदलता येतो. चिकटवलेली असेल तर रीळ दुसऱ्या डब्यात घालावं लागेल. टेप जोडायला साधा सेलोटेप अजिबात वापरू नका, त्याचा गोंद बाहेर येऊन सगळे वेढे चिकटतात.

उंबरठा:
कॅसेट दुरुस्त कशी करायची हे मी विचारलेलं नाही. रागाबद्दलही नाही. 'अफ्रो ब्लू' बाबांना फोनवर ऐकवलं, ते म्हणाले हे नव्हे, चालच वेगळी आहे.

गौरी_एडिसन:
चाल कोणती पण? क्लिपमध्ये नुसता सोलो आहे, मुखडा कुठेच येत नाही. सोप्रानोवर तीनच्या ठेक्यातलं कोल्ट्रेननं बरंच वाजवलंय. 'ग्रीनस्लीव्ह्ज' आहे, 'इंच वर्म' आहे, 'चिम चिम चेरी' आहे. बाबांना गुणगुणायला सांगा आणि ते रेकॉर्ड करून टाका.

उंबरठा:
चाल 'माय फेव्हरिट थिंग्ज'ची आहे, ते माहीतच आहे. स्टुडिओतलं पहिलंच ऐकवलं होतं. त्यालाही हे नव्हे म्हणाले. म्हणून तर इथे आलो.

काळी_दोन:
अहो, हे पहिल्याच ओळीत हवं होतं. स्टुडिओतलं रेकॉर्डिंग ऑक्टोबर १९६०चं, अटलांटिक कंपनीसाठी, पावणेचौदा मिनिटांचं. त्यानंतर एप्रिल १९६७पर्यंत, म्हणजे मरणाआधी तीन महिन्यांपर्यंत, तो ही चीज सतत वाजवत होता. पॅरिस, स्टॉकहोम, बर्लिन, टोकियो, सगळीकडे. टोकियोतली एक तर जवळजवळ तासाची आहे. त्यामुळे 'लाइव्ह' एवढ्यानं काही कळत नाही.

हे सांगा: बासरी आहे का कुठे? असेल तर एरिक डॉल्फी, म्हणजे १९६१. सुरुवात गेली असली तरी बाबांना ती आठवते का? एकट्या बेसनं लांबलचक सुरुवात होत असेल तर १९६६ची व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबातली. कॅसेटवर याच्या आधी आणि नंतर काय आहे? मूळ कुठून भरली, एलपीवरून की रेडिओवरून, आणि कधी? आणि न्यूयॉर्क कशावरून?

गौरी_एडिसन:
मला वाटतं 'इव्हनिंग्ज अ‍ॅट द व्हिलेज गेट'. न्यूयॉर्क, ऑगस्ट १९६१. त्यात 'माय फेव्हरिट थिंग्ज' आहे, डॉल्फीची बासरी आहे. ती आली तेव्हापासून मी दुसरं फारसं काही लावलेलंच नाही. अवश्य ऐका.

काळी_दोन:
गौरी, ती आली २०२३मध्ये. क्लबातल्या ध्वनियंत्रणेची चाचणी म्हणून केलेलं ते रेकॉर्डिंग, न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात पडून होतं. जुन्या कॅसेटवर ते येईल कसं?

उंबरठा:
बासरी नाही. सुरुवात बाबांना आठवत नाही. नव्वद मिनिटांची टीडीके कॅसेट आहे, १९८०च्या आसपास भरलेली. बाबांचा एक मित्र मर्चंट नेव्हीत होता, तो एलपी आणायचा, त्याच्या दादरच्या घरी बसून बाबा डब करायचे. मित्र आता नाही, एलपी कुठे गेल्या कुणाला ठाऊक नाही. कार्डावर बाबांनी इंग्रजीत 'कोल्ट्रेन' आणि 'न्यू' लिहिलंय, पुढची शाई उडाली आहे. न्यूयॉर्कच असणार ना.

मंद्र:
मी वर रागाबद्दल म्हटलं ते सोडून देऊ नका. मूळ गाण्याचे स्वरसमूह झरझर बदलतात. कोल्ट्रेन दोन ओळींमध्ये थांबतो आणि एकाच आधारावर कितीही वेळ रेंगाळतो. हे त्याला आपल्याकडूनच सुचलं.

काळी_दोन:
मंद्र, थांबतो हे खरं, पण श्रेय घाईनं वाटू नका. १९५९ साली तो माइल्स डेव्हिसबरोबर 'काइंड ऑफ ब्लू' वाजवत होता, एकाच मोडवर, म्हणजे एकाच स्वरसप्तकावर, रेंगाळणं तिथे पक्कं झालं. 'इंडिया' आली नोव्हेंबर १९६१मध्ये, 'माय फेव्हरिट थिंग्ज'नंतर वर्षभरानं. आपल्या संगीताची ओढ त्याला होती, ती वाढत गेली, हे मलाही मान्य आहे. पण इथे त्यानं केलंय ते ऐका: एकदा ई मायनरवर थांबतो, एकदा ई मेजरवर. एकाच जागी कोमल गंधारातून शुद्ध गंधारात येणं, आणि ते मागचा पियानो बदलतो म्हणून. आपल्याकडे मागचं कुणी असं बदलत नाही.

उंबरठा, तुमची क्लिप पेटीवर लावून पाहिली. पांढरी तीनला, म्हणजे ई स्वराला, लागायला हवी, ती पाव स्वर चढी आहे. म्हणजे कुठल्या तरी डेकचा वेग साधारण ३ टक्क्यांनी जास्त होता. शझाम बहुधा यामुळेच ओळखत नसेल. एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये वेग ३ टक्के उतरवून मग जुळवून पाहा.

धोबीतलाव:
बऱ्याच दिवसांनी इथे कोल्ट्रेनचं नाव दिसलं, बरं वाटलं. आमच्या वेळी या रेकॉर्डी बोटीवरच्या मंडळींकडूनच यायच्या, तुमच्या वडिलांचे मित्र आमच्यासारख्या कितीजणांचा आधार असतील. रंगभवनला जॅझ यात्रेत सॉनी रोलिन्सना ऐकलं १९७८ साली, तेव्हा आमच्या रांगेतल्या निम्म्या लोकांना रोलिन्स आणि कोल्ट्रेन माहीत होते ते अशाच डब केलेल्या कॅसेटींवरून.

आता कामाचं. क्लिप हेडफोन लावून चार वेळा ऐकली. यातला ड्रमर एल्विन जोन्स नाही.

निळी_नोंद:
एल्विन नाही तर कोण? १९६१ ते १९६५ त्या चौकडीत तोच आहे. टेप पळतेय असं काळी_दोन स्वतःच म्हणतायत. वेग वाढला की ड्रम कोरडे ऐकू येतात. त्यावरून माणूस ठरवू नये.

धोबीतलाव:
३ टक्क्यांनी माणूस बदलत नाही. एल्विनचे घाव एकमेकांत मिसळतात, तिप्पटीच्या लाटा सुटतात आणि समेचं टोक त्या लाटेखाली जातं. या क्लिपमध्ये स्नेअर ड्रमचा प्रत्येक घाव सुटा आहे, टणक, आणि तो सोलोच्या वाक्यांमध्ये येऊन उत्तर देतो. अशी वाजवण्याची रीत एका माणसाची, रॉय हेन्स. त्याला 'स्नॅप क्रॅकल' म्हणायचे ते उगीच नव्हे. १९६३च्या उन्हाळ्यात एल्विन चौकडीत नव्हता तेव्हा हेन्स बसला होता.

उंबरठा, काळी_दोननं विचारलेला एक प्रश्न तुम्ही गाळलात. यानंतर कॅसेटवर काय आहे?

उंबरठा:
त्याचा काय संबंध? मला हीच चीज हवी आहे. यानंतर एक संथ आहे, साध्या सॅक्सोफोनवर. त्याच्या शेवटी बाकीचे थांबतात आणि तो एकटाच बराच वेळ वाजवत राहतो. मग एक फार गोंगाटाचं. बाबा नेहमी तिथे बंद करतात. त्याच बाजूवर तिन्ही.

निळी_नोंद:
बघा! एकटाच वाजवत राहतो म्हणजे 'आय वाँट टू टॉक अबाउट यू'. बर्डलँडच्या एलपीवर 'अफ्रो ब्लू'नंतर तेच आहे, आणि त्यातला एकट्याचा शेवट प्रसिद्धच आहे. मी पहिल्यापासून हेच सांगतोय. वडिलांचा चालीत घोळ होत असेल. वय झालं की होतं.

उंबरठा:
बाबांचा घोळ होत नाहीये. ही कॅसेट त्यांनी किती वर्षं ऐकली आहे ते मी पाहिलंय.

धोबीतलाव:
वडिलांचं बरोबर आहे. बर्डलँडच्या एलपीवर त्यानंतर 'द प्रॉमिस' येतं, मग 'अलाबामा' आणि 'युअर लेडी'. त्यातलं एकही ऐकून कुणी गोंगाट म्हणून बंद करणार नाही. 'अलाबामा' तर इतकं शांत आहे की डेकची घरघर ऐकू येईल.

तुमची एलपी 'सेल्फलेसनेस', इम्पल्स कंपनीनं १९६९ साली, कोल्ट्रेन गेल्यावर काढलेली. पहिली बाजू पूर्ण 'माय फेव्हरिट थिंग्ज', साडेसतरा मिनिटं. दुसऱ्या बाजूला 'आय वाँट टू टॉक अबाउट यू', आणि शेवटी 'सेल्फलेसनेस'. पहिली दोन ७ जुलै १९६३ची, चौकडीची, ड्रमवर रॉय हेन्स. तिसरं ऑक्टोबर १९६५चं लॉस एंजलिसमधलं, त्यात कोल्ट्रेनबरोबर दुसऱ्या सॅक्सोफोनवर फॅरो सँडर्स आहे, दोन ड्रमर आहेत. एका एलपीवर असे दोन काळ शेजारी ठेवल्यामुळे तुमचे वडील तिथे बंद करतात. तिन्ही मिळून चाळीस मिनिटं, नव्वदच्या टेपची एक बाजू.

आणि ती पहिली दोन न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवातली आहेत. कार्डावरचं 'न्यू' तेच.

काळी_दोन:
वा. न्यूपोर्ट १९६३ माझ्याकडे सीडीवर आहे, तीच लावून पाहिली. क्लिप ३ टक्के उतरवली की घावाला घाव जुळतो.

उंबरठा:
मीही स्ट्रीमिंगवरचं न्यूपोर्ट काढून बाबांना फोनवर लावलं. दोन मिनिटं गप्प होते, मग म्हणाले, 'हां, हेच. हा ड्रमवाला.' मनापासून आभार, धोबीतलाव आणि काळी_दोन. आता विकत काय घेऊ? बाबांकडे सीडी प्लेअर आहे, टर्नटेबल नाही.

काळी_दोन:
'माय फेव्हरिट थिंग्ज: कोल्ट्रेन अ‍ॅट न्यूपोर्ट', २००७ची सीडी. फक्त एक लक्षात ठेवा, त्यात ही चीज दोनदा आहे, एकदा १९६३ची आणि एकदा १९६५च्या न्यूपोर्टची, ड्रमवर एल्विन. चुकून दुसरी लावलीत तर पुन्हा 'हे नव्हे' ऐकाल. संथ चीजही तिच्यात आहे. गोंगाटाची मात्र नाही.

निळी_नोंद:
हेन्स असेल तर असेल. पण एल्विनशिवायचं 'माय फेव्हरिट थिंग्ज' मला अपुरंच वाटतं. १९६५ची आधी ऐकवा, वडिलांना कळेल मी काय म्हणतोय.

धोबीतलाव:
दोन्ही ऐकवा, पण १९६३ आधी. एल्विन लाटेसारखा सगळ्यांना एकदम उचलतो. हेन्स उचलत नाही, प्रश्न विचारतो, त्यामुळे कोल्ट्रेनची वाक्यं आखूड होतात, कडा दिसतात. एकाच माणसाची तीच चीज दुसऱ्या ड्रमरबरोबर कशी बदलते हे याहून स्वच्छ कुठे ऐकू येत नाही. तुमच्या वडिलांनी ते इतकी वर्षं कानात ठेवलंय.

मंद्र:
'सेल्फलेसनेस'ला गोंगाट म्हणून सोडू नका, ही विनंती. तिथपर्यंत तो एका दिवसात पोहोचलेला नाही. १९६३ची चीज पूर्ण ऐकून लगेच ते लावलं तर दिसतं, की जो आवाज न्यूपोर्टला ठेक्याच्या आत राहून ताणला जात होता, त्यानं इथे ठेकाच सोडलाय.

टेपवेडा:
सीडी घेतलीत तरी कॅसेट टाकू नका. नव्या सीडीत रीमास्टरिंगनं आवाज बदललेला असतो, एलपीवरून भरलेल्याचा बाज निराळा. फेल्टचं सांगितलंय ते करा आणि मग एकदाच सलग डिजिटल करून घ्या.

उंबरठा:
बाबांना मंद्र यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी रविवारी ते तिसरं पूर्ण लावायचं ठरवलंय. विचारतायत, त्यात दोघं एकदम वाजवतात, त्यातला कोल्ट्रेन कोणता हे कसं ओळखायचं?

मंद्र:
दोघांकडे टेनरच (खालच्या पट्टीचा सॅक्सोफोन) आहे, त्यामुळे वाद्यावरून कळणार नाही. जो सूर फाडून एकाच स्वरातून दोन-तीन स्वर एकदम काढतो, किंचाळत राहतो, तो बहुतेक वेळा सँडर्स. कोल्ट्रेन कितीही उसळला तरी एक छोटा स्वरसमूह धरतो आणि तोच वर-खाली निरनिराळ्या ठिकाणाहून पुन्हा पुन्हा म्हणतो. न्यूपोर्टच्या सोलोच्या शेवटी तो तेच करतो, ती खूण धरून बसायला सांगा.