नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आधी हाडांची नावं की आधी हिशोब?

परळची ताई:
जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), बीएस्सी नर्सिंगचे वर्ग सुरू झाले की मुलं २०६ हाडं पाठ करायला बसतात. माझं मत स्पष्ट आहे. पहिला महिना हाडं बाजूला ठेवा, हिशोब आणि मोजमाप पक्कं करा.

सलाईनचंच घ्या. ५०० मिली ४ तासांत द्यायचंय, सेट (थेंब सोडणारी नळी) १ मिलीला २० थेंबांचा. १०,००० थेंब भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२. हाती मायक्रोड्रिप सेट आला, १ मिलीला ६० थेंबांचा, तर मिनिटाला १२५ हवेत. पाकीट न वाचता ४२ वरच सोडलं की ४ तासांची बाटली १२ तास चालते.

इन्सुलिनमध्ये तर जीवच जातो. आपल्याकडे मिलीला ४० युनिटचं आणि १०० युनिटचं, दोन्ही मिळतं. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं तर अर्धा मिली, म्हणजे ५० युनिट जातात. अडीच पट! तिथे कुठलं हाड आठवून उपयोग?

सायनकर:
ताई, हिशोब हवाच, पण क्रम पटत नाही. आकडा काढता आला म्हणजे कळला असं नाही.

पावसाळ्यातला डेंग्यूचा रुग्ण घ्या. तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरतो, नातेवाईक सुटकेचा श्वास सोडतात आणि धोका नेमका तेव्हाच सुरू होतो. बीपी येतं १००/८०. वरचा आकडा शंभर दिसला की शिकाऊ मुलगी 'ठीक' लिहून पुढच्या खाटेकडे जाते. पण दोन आकड्यांतला फरक फक्त २० उरलाय. रक्तातलं पाणी केशवाहिन्यांतून बाहेर झिरपतंय, वाहिन्या आवळल्यात म्हणून खालचा आकडा टिकून आहे. नाडी जलद, हातपाय गार, हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) चढतोय. यानंतर बीपी कोसळायला वेळ लागत नाही. रक्ताभिसरण शिकवलंच नाही तर ती फरकाकडे का बघेल?

परळची ताई:
बघेल, पण १००/८० हा आकडा आधी खरा असायला हवा ना? बीपीच्या पट्ट्यातला, म्हणजे कफमधला फुगा दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के लांब लागतो. जाड दंडाला लहान कफ बांधला की आकडा खोटा वर जातो. हात खाटेखाली लोंबकळत असला तरी तेच. आणि मीटरवर २-२ च्या खुणा असताना १००, ११०, १२० असं गोल करून लिहायची सवय लागली, तर तुमचा तो २० चा फरक सापडणारच नाही.

नमुना नळी:
रसायनशास्त्राचं नाव कोणीच काढत नाही! रक्ताचा नमुना घ्यायच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए असतं, पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात. ते कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. लाल नळीत रक्त कमी पडलं म्हणून जांभळीतलं थोडं ओतलं, की पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं घटतं. निळी, मग लाल किंवा पिवळी, मग जांभळी, शेवटी राखाडी हा क्रम पाठ असला तरी घाईत विसरतो. कारण कळलेलं असेल तर नळी नळीत ओतायला हातच धजत नाही. निळी नळी खुणेपर्यंत भरणंही तसंच: ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट, तेही रक्त गोठू न देणारं. अर्धी भरली तर पीटी (चाचणीत रक्त गोठायला लागणारा वेळ) खोटा लांबतो.

डोंबिवली लोकल:
जीएनएमला कला शाखेच्या मुलीही येतात. दहावीनंतर त्यांनी जीवशास्त्र उघडलेलं नसतं. हायपोकॅलेमिया म्हणजे पोटॅशियम कमी, हायपोकॅल्सेमिया म्हणजे कॅल्शियम कमी. फोनवर दोन्ही सारखेच ऐकू येतात. आधी शब्द फोडायला शिकवा, आणि फोनवर सरळ 'पोटॅशियम कमी, आकडा अमुक' असं सांगायला.

सायनकर:
मग जोडीनेच शिकवा. सकाळी रक्ताभिसरण, दुपारी त्याच वर्गात एकमेकींचं बीपी.

परळची ताई:
चालेल. पण एक अट सोडणार नाही. हिशोबाच्या पेपरात १०० पैकी १०० पडेपर्यंत औषधाच्या ट्रेला हात नाही. शरीरशास्त्रात ६० चालतील. इथे टिंब निसटलं की ०.५ चे ५ होतात.

सायनकर:
अट मान्य. त्याच पेपरात १००/८० घाला, आणि विचारा: कोणाला कळवाल, आणि किती मिनिटांत?